वेबसाइटवर मराठीऐवजी चिन्हं दिसू लागली तर

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी मराठी वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. जुन्या जागी ती वर्षानुवर्षं व्यवस्थित दिसत होती. नव्या जागी पहिलं पान उघडलं, तर शीर्षकात ¤ ® ° ¾ € अशी चिन्हांची माळ. घाईघाईत सापडली ती ‘यूटीएफ-८ मध्ये बदला’वाली कमांड डेटाबेसातल्या टेबलावर चालवली. काही फरक पडला नाही. मग सगळा मजकूर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या यूटीएफ८-एन्कोड फंक्शनमधून काढला आणि परत भरला. माळ दुप्पट लांब झाली. मधल्या काळात वाचकांनी टाकलेल्या नव्या प्रतिक्रिया मात्र शुद्ध मराठीत दिसत होत्या, म्हणजे एकाच टेबलात आता तीन प्रकारचा मजकूर होता. तो निस्तरायला दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे: बाइट (म्हणजे ० ते २५५ मधला एकेक साठवलेला आकडा) बघितल्याशिवाय डेटाला हात लावायचा नाही. खालचा सगळा लेख या एका सवयीभोवती आहे. कमांड आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी ‘मराठी’ हा शब्द उघडून बघू

संगणकाकडे अक्षरं नसतात, आकडे असतात. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आल्या, त्यात ‘म’ २३५० वर बसतो. हा क्रमांक फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये कसा मांडायचा, ते एन्कोडिंग ठरवतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेलं यूटीएफ-८ आज जवळपास सगळ्या वेबवर चालतं. त्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीला तीन लागतात आणि बहुतेक इमोजींना चार.

‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच घटक आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. म्हणून बाइट पंधरा:

म: २२४ १६४ १७४
र: २२४ १६४ १७६
काना: २२४ १६४ १९०
ठ: २२४ १६४ १६०
दीर्घ वेलांटी: २२४ १६५ १२८

डावीकडचे आकडे बघा. प्रत्येक त्रिकूट २२४ ने सुरू होतं आणि दुसरा आकडा १६४ किंवा १६५ असतो. देवनागरीच्या १२८ पैकी कुठलंही अक्षर घ्या, हेच दिसेल. आता हेच बाइट कुणी ‘विंडोज-१२५२’ या जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले, तर त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. २२४ म्हणजे डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, १६४ म्हणजे ¤, १६५ म्हणजे ¥. म्हणूनच बिघडलेल्या मराठीत तो रेघवाला ए आणि ¤ किंवा ¥ ही जोडी दर तिसऱ्या घराला येते. मधली चिन्हं फक्त बदलतात: म चा ®, र चा °, कान्याचा ¾, वेलांटीचा €. ही जोडी ओळखता आली की अर्धं निदान झालंच. जपानी लोक या प्रकाराला मोजिबाके म्हणतात आणि आता जगभर तोच शब्द चालतो.

पहिली पायरी: लक्षण नीट वाचा

‘अक्षरं नीट दिसत नाहीत’ अशी तक्रार आली की मी आधी स्क्रीनशॉट मागतो. कारण दिसणारा बिघाड वेगवेगळा असतो आणि त्यावरून कुठे शोधायचं ते कळतं.

रेघवाला ए आणि ¤ ची जोडी असेल, तर बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता वापरला आहे. यात डेटा बहुधा वाचतो.

नागमोडी रेघ असलेला मोठा ए आणि टोपी घातलेला मोठा ए (बाइट १९५ आणि १९४) सतत दिसत असतील, तर चूक दोनदा झाली आहे: आधीच बिघडलेला मजकूर कुणीतरी पुन्हा यूटीएफ-८ केला आहे. हाही परत आणता येतो, पण एकेक थर सोलून.

काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह, म्हणजे � हे चिन्ह (युनिकोड क्रमांक ६५५३३), याचा अर्थ ब्राउझर यूटीएफ-८ समजून वाचतो आहे आणि त्याला न बसणारा बाइट मिळाला. मूळ डेटा अजून ठीक असू शकतो. पण तेच � असलेलं पान कुणी संपादकात उघडून ‘सेव्ह’ केलं, तर मूळ बाइट कायमचे गेले.

साधी प्रश्नचिन्हं सर्वांत वाईट. ‘मराठी’च्या जागी ????? असं बरोबर पाच वेळा दिसलं, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे: मजकूर कुठेतरी देवनागरी नसलेल्या तक्त्यात बदलला गेला आणि बदलणाऱ्याने प्रत्येक घटकाच्या जागी ६३ हा बाइट लिहिला. तो डेटाबेसात असाच पोचला असेल, तर आता कुठलीही कमांड तो आणू शकत नाही. बॅकअप शोधा.

रिकामे चौकोन दिसले तर एन्कोडिंगला दोष देऊ नका, तो फॉन्टचा प्रश्न आहे. ठिपक्यांचं वर्तुळ ◌ आणि त्याला लटकलेली वेलांटी दिसली तर मात्रा आहे पण तिच्याआधीचं व्यंजन नाही, किंवा क्रम उलटा आहे. आणि वाक्यात मध्येच अँड-चिन्ह, ‘एनबीएसपी’ ही अक्षरं आणि अर्धविराम असं काही उघडं पडलेलं दिसलं, तर एचटीएमएलचं एस्केपिंग (खास चिन्हांच्या जागी त्यांचं सांकेतिक रूप लिहिणं) दोनदा झालं आहे. टेम्प्लेट आपोआप एस्केप करत असताना कुणीतरी हातानेही केलं असतं. एक ठिकाण काढून टाकायचं, बस.

दुसरी पायरी: ब्राउझर काय समजतो आहे

पान उघडा, डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट कॅरेक्टरसेट’ विचारा. उत्तर यूटीएफ-८ नसेल तर चोर बराचसा सापडला. फायरफॉक्समध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ नावाचा पर्याय आहे, तो दाबल्यावर मराठी अवतरली तर बाइट ठीक आहेत आणि फक्त लेबल चुकलं आहे.

लेबल तीन ठिकाणी असू शकतं आणि त्यांचा मान ठरलेला आहे. फाइलच्या सुरुवातीची बीओएम ही तीन बाइटची खूण (२३९ १८७ १९१) सर्वांत वरचढ. मग सर्व्हरने पानाच्या आधी पाठवलेला ‘कन्टेन्ट-टाइप’ हेडर (माहितीची ओळ). पानातला ‘मेटा चारसेट’ टॅग शेवटी. गंमत अशी की बहुतेक जण मेटा टॅग लावून निश्चिंत होतात, आणि सर्व्हर मात्र हेडरमध्ये ‘आयएसओ-८८५९-१’ ओरडत असतो. ब्राउझर हेडरचंच ऐकतो. शिवाय वेबच्या मानकानुसार ब्राउझर आयएसओ-८८५९-१ हे नाव दिसलं की विंडोज-१२५२ च वापरतात, त्यामुळे ® आणि € ची माळ तिथूनच येते.

म्हणून नेटवर्क टॅबमध्ये पानाची विनंती निवडा आणि हेडर वाचा. वेबसर्व्हर अपॅची असेल तर ‘ॲडडिफॉल्टचारसेट’, एन्जिनएक्स असेल तर ‘चारसेट’ या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ द्या. पीएचपीत ५.६ आवृत्तीपासून ‘डिफॉल्ट चारसेट’ यूटीएफ-८ च असतो, पण जुन्या सर्व्हरवरची सेटिंगची फाइल उचलून नव्यावर ठेवली असेल तर तपासा.

मेटा टॅगचीही एक अट आहे: तो पानाच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असला पाहिजे. १०२४ ऐकायला भरपूर वाटतं. पण कुणी त्याच्या आधी मराठीत लांबलचक कॉमेंट, शीर्षक आणि वर्णन ठेवलं, तर तीन बाइटच्या हिशेबाने सव्वातीनशे-साडेतीनशे अक्षरांतच ती जागा संपते. हेड सुरू झाल्याबरोबर पहिला टॅग चारसेटचाच ठेवा.

तिसरी पायरी: फाइल

टेम्प्लेटमध्ये थेट लिहिलेला मजकूर (मेनू, तळटीप) बिघडलाय आणि डेटाबेसातून येणारा नीट आहे, असं असेल तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे. संपादकात ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ मधून यूटीएफ-८, बीओएमशिवाय, असं निवडा. विंडोजचं नोटपॅड मे २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नवी फाइल बीओएमशिवायच यूटीएफ-८ ठेवतं. त्याआधी ‘अँसी’ नावाचा पर्याय आपोआप निवडलेला असे आणि त्याने अनेकांची मराठी खाल्ली.

बीओएम का नको? पीएचपीच्या फाइलमध्ये ते तीन बाइट कोडच्या आधी येतात, सर्व्हर ते लगेच बाहेर पाठवतो आणि मग ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही चूक येते. लॉगिन होत नाही, सेशन टिकत नाही, आणि कोडमध्ये काहीच चूक सापडत नाही. एका अदृश्य खुणेपायी लोकांनी अख्खा दिवस घालवलेला मी पाहिला आहे. एक अपवाद: वाचकांना एक्सेलमध्ये उघडण्यासाठी सीएसव्ही फाइल द्यायची असेल तर बीओएम मुद्दाम लावा. डबल क्लिकने उघडताना एक्सेलला त्याशिवाय बऱ्याचदा ती यूटीएफ-८ आहे हे कळत नाही.

चौथी पायरी: डेटाबेस, म्हणजे खरी रणभूमी

इथे सावकाश चला. बॅकअप आधी घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर पूर्ववत करून बघा. न उघडलेला बॅकअप हा फक्त विश्वास असतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एन्कोडिंगचे दोन स्वतंत्र दावे असतात: रकाना कुठल्या तक्त्याचा आहे आणि साइटची डेटाबेसाशी असलेली जोडणी कुठल्या तक्त्यात बोलते आहे. दोन्ही वेगळे असतील तर सर्व्हर मध्ये भाषांतर करतो. माझ्या त्या जुन्या साइटवर रकाना ‘लॅटिन१’ (मायएसक्यूएलमधलं विंडोज-१२५२ चं नाव) होता आणि जोडणीही ‘लॅटिन१’. साइट यूटीएफ-८ चे बाइट पाठवत होती, मायएसक्यूएलला वाटत होतं हे पाश्चात्त्य चिन्हांचं काहीतरी आहे, आणि भाषांतराची गरज नसल्यामुळे तो जसंच्या तसं ठेवत आणि परत देत होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. नव्या सर्व्हरवर जोडणी ‘यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाली, एक चूक दुरुस्त झाली, आणि दुसरी उघडी पडली.

त्यामुळे दिसण्यावर जाऊ नका, मोजा. ‘मराठी’ हा शब्द असलेली एक ओळ शोधा आणि त्या शब्दावर तीन फंक्शनं चालवा: लेंग्थ (बाइट किती), कॅर-लेंग्थ (अक्षरं किती) आणि हेक्स (बाइट कोणते, पण सोळाच्या पायावर लिहिलेले: २२४ चं ई०, १६४ चं ए४). चार शक्यता निघतात.

लेंग्थ १५ आणि कॅर-लेंग्थ ५, हेक्स ‘ई०ए४एई’ ने सुरू: साठवण बरोबर आहे. चूक पुढे कुठेतरी, बहुधा जोडणीत किंवा हेडरमध्ये.

लेंग्थ १५, कॅर-लेंग्थही १५, हेक्स तोच: बाइट बरोबर, रकान्यावरचं लेबल चुकीचं. हा माझा मूळ आजार.

लेंग्थ ३१, कॅर-लेंग्थ १५, हेक्सची सुरुवात ‘सी३ए०सी२ए४’: दुहेरी एन्कोडिंग. तीसच्या जागी एकतीस का, असं वाटेल. बाकी चिन्हांना दोन-दोन बाइट लागतात, पण वेलांटीतल्या १२८ चं € झालं आहे आणि युरोच्या चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात.

लेंग्थ ५, कॅर-लेंग्थ ५, हेक्समध्ये नुसतं ‘३एफ’ (म्हणजे ६३) पाचदा: ती प्रश्नचिन्हं. दुरुस्ती नाही.

लेबल चुकलेल्या रकान्यावर थेट ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ चालवू नका. मायएसक्यूएल प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र पाश्चात्त्य अक्षर समजून त्याचं इमानेइतबारे यूटीएफ-८ करतो आणि दुसऱ्या प्रकारचा आजार तिसऱ्या प्रकारचा होतो. वळसा घ्यावा लागतो: ‘ऑल्टर टेबल मॉडिफाय’ने रकाना आधी ब्लॉब करा (व्हारचार असेल तर व्हारबायनरी). बायनरी रकान्याला तक्ता नसतो, म्हणून बाइटला धक्का लागत नाही. मग दुसऱ्या ‘मॉडिफाय’ने तो परत टेक्स्ट करा, या वेळी तक्ता यूटीएफ८एमबी४. दोन्ही वेळा ‘नॉट नल’, डिफॉल्ट वगैरे जे मूळ रकान्यावर होतं ते पुन्हा लिहा, नाहीतर गुपचूप गळून पडतं. फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर आधी काढा, शेवटी परत लावा.

दुहेरी मजकुरासाठी एक थर सोलायचा: रकाना लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, त्याला बायनरीत कास्ट, आणि ते यूटीएफ८एमबी४ म्हणून कन्व्हर्ट, असं आतून बाहेर लिहिलेलं एक ‘अपडेट’. पण ‘व्हेअर’शिवाय हे चालवलंत तर चांगल्या ओळींचा जीव जाईल: शुद्ध मराठीचं लॅटिन१ करायला गेलं की हाती प्रश्नचिन्हंच येतात. म्हणून अट घाला की हेक्समध्ये ‘सी३ए०सी२ए४’ किंवा ‘सी३ए०सी२ए५’ आहे अशाच ओळी. आधी त्याच अटीने ‘सिलेक्ट’ करून जुनं आणि नवं शेजारी शेजारी बघा. वीस-तीस ओळी डोळ्यांखालून घाला. मजकूर तिहेरी बिघडला असेल तर तपासून हेच पुन्हा.

शेवटी जोडणी. पीएचपी डेटाबेसाशी पीडीओतून बोलत असेल तर डीएसएनच्या (जोडणीच्या तपशिलांच्या) ओळीतच चारसेट यूटीएफ८एमबी४ लिहा, मायएसक्यूएलआयमधून बोलत असेल तर ‘सेट चारसेट’ फंक्शन वापरा. हे राहिलं तर आज दुरुस्त केलेलं उद्यापासून परत बिघडू लागेल.

काही अक्षरंच का हरवतात

दुरुस्तीनंतर बाकी सगळं आलं, पण सगळे ऱ्हस्व उकार गायब, जोडाक्षरं मोडलेली, ‘झ’ कुठेच नाही, असा विचित्र प्रकार मला एकदा भेटला. कारण कळलं तेव्हा फार मजा वाटली.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता देवनागरीतल्या कुणाचा तिसरा बाइट या जागांवर पडतो ते बघा. ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू १२९ वर. हलन्त १४१ वर. ए १४३, ऐ १४४, झ १५७. ब्राउझर आणि मायएसक्यूएल या रिकाम्या जागा अदृश्य नियंत्रण-चिन्हं म्हणून निभावून नेतात, पण काटेकोर साधनं अडतात. पायथॉन तिथे चूक दाखवून थांबतो, काही साधनं त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातात. आणि हलन्त गेला की जोडाक्षर कुठलं राहायला? ‘लक्ष्मी’चं काय होतं ते सांगायला नको.

अजून दोघे असेच दुर्दैवी आहेत. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. बिघडलेला मजकूर कॉपी-पेस्ट करताना ती साधी मोकळी जागा होते आणि ‘ठ’ संपतो. ‘भ’चा शेवटचा बाइट १७३, म्हणजे एरवी न दिसणारा सॉफ्ट हायफन, तोही अशा प्रवासात गळतो. तात्पर्य, बिघडलेला मजकूर पडद्यावरून कॉपी करून ऑनलाइन डिकोडरमध्ये टाकू नका. डेटाबेसातून बाइटच्या रूपात काढा. नाइलाज असेल, म्हणजे फक्त कॉपी केलेला मजकूरच हाताशी असेल, तर पायथॉनची ‘एफटीएफवाय’ लायब्ररी वापरून बघा. ती या रिकाम्या जागांबाबत मुद्दाम ढिली आहे.

इमोजीपाशी लेख का तुटतो

मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ नावाचं जुनं एन्कोडिंग खरं यूटीएफ-८ नाही. ते अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. देवनागरी तिनात मावते, म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग कुणीतरी प्रतिक्रियेत 😀 टाकतो. त्याला चार बाइट हवेत. सर्व्हर कडक मोडमध्ये असेल तर १३६६ क्रमांकाची चूक येते. ढिल्या मोडमध्ये त्याहून वाईट होतं: इमोजीच्या आधीपर्यंतचा मजकूर साठतो आणि पुढचा सगळा गुपचूप कापला जातो.

उपाय यूटीएफ८एमबी४. तो मायएसक्यूएल ५.५.३ पासून आहे आणि ८.० पासून आपोआप तोच निवडलेला असतो. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत त्याकडे मोर्चा वळवला. बदलताना जुन्या टेबलावर ‘इंडेक्सची की फार लांब आहे’ अशी चूक येऊ शकते. जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनात) इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती. २५५ अक्षरं तिनाने गुणली तर ७६५, जेमतेम मावतात, चाराने गुणली तर १०२० होतात. म्हणून अशा रकान्याचा इंडेक्स १९१ अक्षरांवर ठेवतात. तो गूढ १९१ कुठून आला, असा प्रश्न कोड वाचताना कधी पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

पाचवी पायरी: तुमचाच कोड

बाइट नीट, लेबलं नीट, तरी यादीच्या पानावर प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी � दिसतं. हा पीएचपीच्या ‘सबस्ट्र’ या मजकूर कापणाऱ्या फंक्शनचा प्रताप. ते बाइट मोजून कापतं आणि तिनाच्या मध्ये सुरी लागते. ‘एमबी-सबस्ट्र’ वापरलं की � जातं, पण काम संपत नाही. ‘क्षी’ डोळ्यांना एक दिसतं, आत मात्र क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक आणि बारा बाइट आहेत. एमबी-सबस्ट्र हलन्तानंतरही खुशाल कापेल. मराठीसाठी ‘ग्राफीम-सबस्ट्र’ किंवा जावास्क्रिप्टमधलं ‘इंटल-सेगमेंटर’ बरं. माझं विचाराल तर उतारा अक्षरावर कापूच नये, शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे यावं.

दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे सफाई करणारं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र. ‘फक्त अक्षरं ठेवा’ म्हणून कुणीतरी युनिकोडचा ‘एल’ हा वर्ग लिहितो. कान्या-मात्रांना युनिकोड अक्षर मानत नाही, त्यांचा वर्ग ‘एम’. मग ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. दोन्ही वर्ग लिहा, आणि जोडाक्षरांसाठी लागणारे शून्य रुंदीचे जोडक (झेडडब्ल्यूजे) आणि विलगक (झेडडब्ल्यूएनजे) हेही राहू द्या.

मजकुरात ‘यू०९२ई’ अशी अक्षरं विखुरलेली दिसली तर घाबरू नका. जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मांडणीत ‘म’ असाच उलटी तिरकी रेघ लावून लिहिला जातो आणि ते पूर्ण वैध आहे. मधल्या कुठल्या तरी फंक्शनने ती रेघ खाल्ली आहे. जेसन तयार करतानाच ‘अनएस्केप्ड युनिकोड’चा पर्याय दिला तर हा प्रश्नच उरत नाही. पत्त्यांचंही असंच. यूआरएलमध्ये एका देवनागरी घटकाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस स्लग (पत्त्यातला शीर्षकाचा भाग) २०० अक्षरांपर्यंतच ठेवतं, म्हणजे बाविसाव्या घटकापाशी लांब मराठी शीर्षकाचा पत्ता संपतो. तो बिघाड नाही, पण लहान स्लग हाताने द्यावा.

जुन्या फाइलमधून आणलेला मजकूर शुद्ध रोमन अक्षरांचा गोंधळ वाटत असेल आणि त्यात ¤ ची ती जोडी नसेल, तर तो बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तिथे बाइट खरोखरच रोमन असतात, फक्त फॉन्टमधली चित्रं मराठी. वरची एकही युक्ती चालणार नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते.

सहावी पायरी: फॉन्ट

रिकाम्या चौकोनाला टाइपसेटर मंडळी टोफू म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नावच ‘नो टोफू’वरून आलं आहे. वेबफॉन्ट हलका करण्यासाठी त्यातली अक्षरं छाटली असतील तर सीएसएसमधल्या ‘युनिकोड-रेंज’मध्ये २३०४ ते २४३१ यांच्याबरोबर ते शून्य रुंदीचे दोन जोडक-विलगक आणि ठिपक्यांचं वर्तुळही घ्या. ते विसरले की काही ठिकाणी जोडाक्षर मध्येच दुसऱ्या फॉन्टमध्ये उडी मारतं. ‘लेटर-स्पेसिंग’ मराठीवर लावू नका, शिरोरेषा तुटते. आणि एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहा. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

दिसायला सारखं, आत वेगळं

शोध चालत नाही, ही तक्रार शेवटी येते. ‘ॲप’ शोधलं तर निम्मेच लेख सापडतात. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ आणि अर्धचंद्र वेगवेगळे टाइप करत, आणि काही कीबोर्डवर आजही तसंच होतं. ‘दुसऱ्या’ मधलं ते र्‍य सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिता येतं: खाली टिंबाचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर फरक शून्य. युनिकोडचं नेहमीचं ‘एनएफसी’ सामान्यीकरण या जोड्यांना एक मानत नाही, त्यामुळे ते चालवूनही काम भागत नाही. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, हे दोन बदल हातानेच कोडमध्ये करावे लागतात.

सगळं झाल्यावर मी एक वाक्य टाकून बघतो: “ए ऐक, झाडाखालच्या दुसऱ्या ॲपवर भुंगा ठेवलाय, लक्ष दे हँ! 😀” यात वर सांगितलेली सगळी अडेल अक्षरं आहेत, तिरकी अवतरणचिन्हं आणि इमोजीसकट. ते फॉर्ममधून भरा, यादीत बघा, शोधून काढा, आरएसएसमध्ये वाचा, सीएसव्हीत उतरवा, ईमेलच्या विषयात पाठवा. जिथे ते पहिल्यांदा बिघडेल त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टप्प्यांचे बाइट काढा. हा मसुदा मी प्रत्येक साइटवर तसाच ठेवून देतो. मध्ये एका साइटच्या मालकाने फोन करून विचारलं, हा भुंगा कुणी ठेवलाय आणि काढायचा का. म्हटलं, राहू द्या, पुढच्या वेळी सर्व्हर बदलाल तेव्हा लागेल.